दाराबाहेर बसलेला नट

वर्गाबाहेरच्या लाकडी बाकावर तो बसला होता. आठवीतला मुलगा. मांडीवर दप्तर, दप्तरावर आईचा मोबाइल आणि मोबाइलवर मोटारींच्या शर्यतीचा कसलासा खेळ. शेजारी त्याची आई, डब्याची पिशवी सांभाळत. आत, खिडक्यांना काळे कागद लावलेल्या खोलीत, ज्या १७ मिनिटांच्या चित्रपटासाठी आम्ही जमलो होतो, त्याचा नायक म्हणजे हाच मुलगा. पण त्याला आत घेतलेलं नव्हतं. का, असं विचारलं तेव्हा दिग्दर्शिका, वय वर्षं २१, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "सर, आम्ही 'ए' सर्टिफिकेट मागतोय. मग त्याला आत कसं बसवणार?"

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या माध्यम विभागातली ही गोष्ट. वर्गातल्या अभ्यासासाठी केलेला लघुपट, म्हणजे त्याला सेन्सॉरकडे जायची तशी गरजच नाही. प्रमाणपत्र लागतं ते सार्वजनिक प्रदर्शनासाठी. पण विभागाच्या मॅडम धोरणी. त्यांनी अट घातली होती, की प्रत्येक गटानं आपल्या चित्रपटाला आपणच प्रमाणपत्र द्यायचं आणि ते का दिलं हे एका पानात लिहून सगळ्यांसमोर वाचायचं. इंग्लंडात शाळेच्या शेवटच्या वर्षांत 'मीडिया स्टडीज' घेतलेली मुलं थरारपटाची पहिली दोन मिनिटं स्वतः चित्रित करायची आणि त्याला कोणत्या वयाचं प्रमाणपत्र शोभेल याची चर्चा वहीत लिहायची. मॅडमना कल्पना तिथून सुचलेली. मला बोलावलं होतं ते पंच म्हणून. चित्रपटांवर चार ओळी लिहिणाऱ्या माणसाला सगळं कळतं असा एक गोड गैरसमज अजून शिल्लक आहे. तो मी मोडला नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पेठेतला जुना वाडा. आजी कीर्तनाला गेलेली, घरात नातू एकटा. माडीवर भाड्यानं राहणारा एक कॉलेजचा मुलगा. नातू त्याला दादा म्हणतो. दादाच्या वर्गातली एक मुलगी तीन दिवस बेपत्ता आहे, हे आजीच्या आणि शेजारणीच्या बोलण्यातून आपल्या कानावर आलेलं. नातू मागच्या अंगणात जातो आणि पाहतो, तर दादा हौदाशी उकिडवा बसून सुरी धुतो आहे. पाणी लाल. नजरानजर होते. पोरगं जीव घेऊन पळतं, माळ्यावर चढतं आणि आजीच्या रुखवतातल्या मोठ्या लाकडी पेटीत शिरून झाकण ओढून घेतं. बाहेरची कडी आपोआप पडते. दादाची पावलं पेटीपाशी येऊन थांबतात, मग लांब जातात. बऱ्याच वेळानं आजी घरी येते, हाका मारते, माळ्यावर येऊन पेटी उघडते. नातू टुणकन उडी मारून तिच्या गळ्यात पडतो. त्यापुढे काय होतं ते सांगत नाही. मुलं चित्रपट महोत्सवांना पाठवणार आहेत.

चित्रपट बरा होता. खरं सांगायचं तर बऱ्यापेक्षा बरा होता. हौदापाशी कॅमेरा मुलाच्या उंचीवर ठेवला होता आणि पार्श्वसंगीत जवळजवळ नव्हतंच, नळाचं पाणी फक्त. आजकाल थरारपट म्हटला की कानाचे पडदे फाटतील असा आवाज लावायची रीत आहे, त्या मानानं हा संयम कौतुकाचा. लाल पाण्याचं रहस्य मी चहाच्या वेळी विचारून घेतलं. गुळाचा पाक आणि जिलबीत घालतात तो रंग.

मग गटानं आपलं पान वाचलं. 'ए' का? तर सुरी एकदा दिसते, रक्त दिसतं, दादा मोबाइलवर बोलताना दोन शिव्या देतो आणि एक सिगारेट ओढतो. चार मुद्दे, चार ओळी. वाचून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "एवढंच कारण?" खोलीत चुळबुळ झाली. शेवटी कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलानं कबुली दिली, "पोस्टरवर 'ए' असला की लोक सीरियसली घेतात, मॅडम. 'यूए' म्हणजे काहीतरी मुलांचा कार्यक्रम वाटतो."

या उत्तरावर मी हसलो खरा, पण हसण्याचा अधिकार मला नव्हता. आमच्या शाळकरी वयात गावातल्या टॉकीजच्या बोर्डावर गोलात काढलेला काळा 'ए' दिसला, की त्या चित्रपटाची किंमत आमच्या लेखी दुप्पट व्हायची. माझा एक आतेभाऊ काजळानं मिसरूड काढून अशा एका खेळाला गेला होता. दारावरच्या माणसानं त्याच्याकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला आणि एक शब्द न बोलता त्याचं ओठावरचं काजळ पुसून तिकीट परत दिलं. तो चित्रपट आम्ही पुढं मोठेपणी पाहिला. त्यात काय नव्हतं ते विचारा.

आपल्याकडे १९५२च्या कायद्याखाली पुष्कळ वर्षं दोनच खाने होते. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी आणि 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १९८३ साली मधला 'यूए' आला, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांच्या सल्ल्यानं दाखवावा असा. आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गासाठी 'एस' आला. त्याच वर्षी मंडळाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्द जाऊन तिथं 'प्रमाणन' आलं, पण लोकांच्या तोंडातून सेन्सॉर काही जायला तयार नाही. माझ्याही नाही. २०२३च्या दुरुस्तीनं 'यूए'चे तीन तुकडे झाले: ७ प्लस, १३ प्लस आणि १६ प्लस. गंमत अशी, की हे तीन आकडे कायद्यानं फक्त आईवडिलांसाठी आहेत. 'यूए १६ प्लस' चित्रपटाला दहा वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही गेलात, तर दारावरचा माणूस अडवू शकत नाही. तो अडवतो तो फक्त 'ए'ला. म्हणजे काजळ पुसणाऱ्या त्या माणसाचं काम आता तुमच्या-माझ्याकडे आलेलं आहे.

आणि या एका अक्षरासाठी माणसं भांडली आहेत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८मध्ये चार शहरांवर एक माहितीपट केला. लांबी १६ मिनिटं, आमच्या मुलांच्या चित्रपटापेक्षा एक मिनिट कमी. त्यात मुंबईतल्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती म्हणून मंडळानं 'ए' दिला. अब्बास म्हणाले, मला 'यू' हवा. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७०मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. चित्रपट आधी तपासण्याची पद्धत न्यायालयानं घटनेला धरून आहे असं म्हटलं, पण मोजमाप अधिक नेमकं हवं हेही सुनावलं. मी ही हकिकत सांगितली तेव्हा संकलन करणारी मुलगी म्हणाली, "सोळा मिनिटांसाठी सुप्रीम कोर्ट?" मी म्हटलं, बाई, सोळा मिनिटांसाठी नाही. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर बसवायचं, यासाठी. हे बोलताना बाहेरच्या बाकाकडे माझं लक्ष गेलं नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

मुलांच्या त्या चार ओळींचं मला नवल वाटलं नाही. मोजदाद ही फार जुनी सवय आहे. ब्रिटनमध्ये १९१२ साली मंडळ स्थापन झालं आणि १९१६मध्ये त्याचे अध्यक्ष टी. पी. ओ'कॉनर यांनी काय चालणार नाही याच्या ४३ गोष्टींची यादीच केली. असभ्य नाच, अंतर्वस्त्रांचं अनावश्यक दर्शन, असं बरंच काही. आज ती वाचून हसू येतं. पण यादी असली की काम सोपं होतं. बोटं मोजली की उत्तर तयार. पंच म्हणून मीही तेच केलं. सुरी एक, शिव्या दोन, रक्त म्हणजे गुळाचा पाक. मुलीवर प्रत्यक्ष अत्याचार कुठंच दाखवलेला नाही. शिव्या तर रिक्षास्टँडवरच्या. मी ठामपणे सांगितलं, 'ए'ची काही गरज नाही. 'यूए १६ प्लस' पुरे.

माझ्या बाजूनं मी दाखलेही दिले. न दाखवलेलं जास्त घाबरवतं, हा माझा आवडता सिद्धांत. 'शोले'तला अहमद आठवा. सचिननं केलेला इमामसाहेबांचा मुलगा. त्याचा खून पडद्यावर होतच नाही. गब्बर आडवा पडून हातावरचा किडा चिरडतो आणि पुढं घोड्यावरून प्रेत गावात येतं. हिचकॉकच्या 'सायको'तल्या न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता, चित्रपटही कृष्णधवल. तरी १९६०मध्ये ब्रिटननं त्याला सर्वांत कडक 'एक्स' दिला. आज तिथं तोच चित्रपट पंधरा वर्षांचा मुलगा पाहू शकतो. उलट 'जॉज' १९७५ साली तिथं आईवडिलांच्या मर्जीवर सोडला होता आणि २०१२मध्ये पुन्हा आला तेव्हा तो बारा वर्षांच्या पायरीवर चढवला गेला. म्हणजे तीच फीत, तोच शार्क, पण मधल्या काळात बघणारे बदलले. आणि आपल्या घरातलंच उदाहरण हवं तर 'झपाटलेला' घ्या. १९९३चा. आख्ख्या महाराष्ट्रानं सहकुटुंब पाहिलेला विनोदी चित्रपट. पण तात्या विंचूनंतर बाहुली कपाटात कोंडून झोपणारी मुलं मी स्वतःच्या नात्यात पाहिली आहेत. त्या मुलांना लक्ष्मीकांत बेर्डेंचा एकही विनोद आठवत नव्हता.

माझं भाषण चांगलं रंगलं होतं. मुलांनी वह्यांत काही लिहूनही घेतलं. एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "त्या बाहेर बसल्यात, त्या मुलाच्या आई, त्यांना आत बोलवा की. त्या तर प्रौढ आहेत." दिग्दर्शिकेची ती मामी. मुलगा तिचा मामेभाऊ. सुट्टीत घरी आलेला म्हणून नट झालेला. मामी संकोचून आत आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या. पुन्हा दिवे गेले, पुन्हा १७ मिनिटं.

दिवे आले. मामी काही बोलेनात. दिग्दर्शिकेनं विचारलं, "मामी, रक्त फार वाटलं का गं?"

"रक्ताचं काय," मामी म्हणाल्या, "तो रंग मीच आणून दिलाय ना. मला एक सांग. त्या पेटीत याला बसवला होतास, तेव्हा हवा कुठून येत होती?"

"अगं, मागची फळी काढली होती ना. आणि कडी खोटी होती, दोऱ्यानं पाडली. दोघं जण शेजारी उभे होते."

"ते तुला ठाऊक. बघणाऱ्याला कुठं ठाऊक आहे?"

मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्या माहेरच्या गल्लीतलं. मुलं लपाछपी खेळत होती. एक सात-आठ वर्षांची मुलगी धान्याच्या रिकाम्या कोठीत उतरली आणि वरून झाकण घेतलं. ते जड झाकण आतून काही उचलेना. राज्य असलेल्या मुलानं सगळीकडे शोधलं, सापडली नाही, म्हणून मुलं दुसरा खेळ खेळायला लागली. ती हाका मारत असणार; पत्र्याच्या कोठीतून बाहेर काय ऐकू येतं? तिची एक चप्पल कोठीपाशी राहिली होती. कुणाच्या तरी आजीनं ती उचलली आणि चप्पल जागेवर का नाही म्हणून ओरडायला सुरुवात केली, तेव्हा कळलं. मुलगी वाचली. "पण काळीनिळी झाली होती," मामी म्हणाल्या. "आणि तुमच्या सिनेमात हा असा हसत बाहेर येतो, जसा काही झोपाळ्यावरून उतरला. धाकट्यानं हे पाहिलं ना, तर संध्याकाळी आमच्या दिवाणात शिरेल."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी दोन वेळा तो चित्रपट पाहिला होता. पेटी मी पाहिलीच नव्हती. म्हणजे पाहिली होती, पण ती मला लपायची जागा वाटली. लेखकाला, दिग्दर्शिकेला, संकलकालाही तशीच वाटली. साऱ्या चित्रपटात ती एकच सुरक्षित जागा म्हणून आली होती. सुरी धुणारा माणूस बघून कुठलाही मुलगा सुऱ्या धुवायला जाणार नाही. पण पेटीत लपणं? ते तर त्याला आधीपासूनच येतं.

यात आणखी एक विनोद आहे, थोडा काळा. दादा सिगारेट ओढतो त्या दृश्यात मुलांनी नियमाप्रमाणे खाली कोपऱ्यात धूम्रपानाच्या धोक्याची सूचना टाकली होती. २०१२पासून चित्रपटगृहांत आपण ती बघतो आहोत. मुलांच्या अंगवळणी पडली आहे. सिगारेटवर इशारा होता. पेटीवर नव्हता.

ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांना मात्र ही गोष्ट ठाऊक असते. ब्रिटनच्या मंडळाच्या नियमावलीत हिंसा, भाषा, लैंगिकता यांच्याबरोबर अनुकरण होऊ शकेल अशा धोकादायक कृतींचा स्वतंत्र विचार असतो. डिस्नेचा 'लीलो अँड स्टिच' २००२चा. लहान मुलांचा, गोड, रक्ताचा थेंब नाही. त्यात ती छोटी लीलो बहिणीपासून लपण्यासाठी कपडे वाळवायच्या यंत्रात शिरते. ब्रिटनमध्ये घरी पाहण्यासाठी निघालेल्या आवृत्तीत ते दृश्यच बदललं गेलं. यंत्राच्या जागी साधं कपाट आलं आणि त्याच्या तोंडाला दार म्हणून पिझ्झाचा खोका. काही सेकंदांचा बदल. आपल्याला वाटेल, किती ही किरकोळ गोष्ट. पण एका तीन-चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी पाहा. शार्क त्याच्या घरात नाही, गब्बर नाही. वाळवायचं यंत्र आहे.

आपल्याकडच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांतही दोन वाक्यं या कामाची आहेत. एक असं, की गुन्हेगारांची कार्यपद्धती किंवा गुन्ह्याला चिथावणी मिळेल अशी दृश्यं दाखवू नयेत. दुसरं, मला अधिक महत्त्वाचं वाटणारं, की चित्रपट तुकड्यातुकड्यानं न मोजता त्याच्या एकूण परिणामावरून तोलावा. मुलं या हिंसेचे बळी किंवा जबरदस्तीचे साक्षीदार म्हणून दाखवलेली असतील तर तिथं विशेष जपायचं, हेही त्यात आहे. आमचा चित्रपट तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एका मुलानं जे पाहायला नको ते पाहिलं, याच्यावर उभा. पण ही तत्त्वं त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना छापून दिली होती आणि तरी पेटी आम्हाला दिसली नव्हती. ती दिसायला डब्याची पिशवी घेतलेली एक बाई लागली. २०२४च्या नव्या नियमांनी मंडळात किमान एक तृतीयांश आणि शक्यतो निम्म्या स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. ही तरतूद वाचली तेव्हा मला ती कागदावरची वाटली होती. आता तसं वाटत नाही.

पुढची चर्चा बरीच लांबली. सगळी सांगत नाही. कॅमेरा सांभाळणाऱ्या मुलानं आता उलट बाजू घेतली: मग 'ए'च बरोबर, लहान मुलांनी बघायचाच नाही, प्रश्न मिटला. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. मी म्हटलं, 'ए' दिल्यानं आठ वर्षांचा मुलगा थांबेल, पण तेरा, पंधरा, सतरा वर्षांचाही थांबेल. आणि हा चित्रपट घाबरलेल्या तेरा वर्षांच्या मुलाबद्दल आहे. त्यालाच तो बघता येणार नाही. शिवाय खरं बोलायचं तर थांबेल कोण? चित्रपटगृहाच्या दाराशी माणूस असतो, मोबाइलच्या दाराशी कोण असतं? २०२१च्या नियमांनी घरबसल्या पाहायच्या मालिकांनाही ही वयाची लेबलं लावली आहेत. ती कोपऱ्यात येतात, काही सेकंद राहतात, तेवढ्यात आपण स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलेलो असतो.

मामींना मी सरळ विचारलं, "तुम्ही किती वय लिहाल?"

"मी काय सांगणार," म्हणाल्या आणि मग लगेच सांगितलं. "थोरल्याला दाखवीन. धाकट्याला नाही. तो दुसरीत आहे. पण थोरल्याला दाखवायचा तर पेटीचं नीट दाखवा."

"नीट म्हणजे?"

"म्हणजे त्यात जीव गुदमरतो, हे दिसू दे की. नाहीतर खोटंच आहे ते."

दिग्दर्शिका हे ऐकून गप्प झाली. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, दुखावली असावी. पण ती विचार करत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "चप्पल." एवढंच. मग घाईघाईनं, "मामी, ती चप्पल मी घेऊ का गं? सिनेमात?"

आणि एकदम सगळे बोलायला लागले. चप्पल पेटीबाहेर राहिली तर दादाला ती दिसेल. तो थांबेल. आत हवा संपत चालली आहे, बाहेर तो उभा आहे. बाहेर यावं तर मरण आणि आत राहावं तरी मरण. आजीला पेटी सापडते ती चपलेमुळे. मुलगा टुणकन उडी मारत नाही. त्याला ओढून काढावं लागतं. संकलन करणाऱ्या मुलीनं तिथल्या तिथं हिशेब केला, दीड मिनिट वाढेल. पंचाकडे आता कुणी बघतही नव्हतं. मला तर हे पाहून मजा वाटली, की मुलांनी काळजीपोटी केलेला बदल चित्रपट अधिक भीतिदायक करत होता. माझा तो लाडका सिद्धांत, न दाखवलेलं जास्त घाबरवतं, इथं निकामी होता. इथं न दाखवलेलं फसवत होतं.

राहता राहिला बाहेरचा नट. स्टॅन्ली क्यूब्रिकच्या 'द शायनिंग'मध्ये डॅनी लॉइड नावाच्या पाच-सहा वर्षांच्या मुलानं काम केलं होतं. आपण भयपटात आहोत हे त्याला चित्रीकरण संपेपर्यंत कळू दिलं नव्हतं. त्याला वाटत होतं, हॉटेलात राहणाऱ्या एका कुटुंबाची साधी गोष्ट चालली आहे. ते वय पाहता योग्यच होतं. पण आपला नट तेरा वर्षांचा. सुरी धुण्याच्या दृश्याच्या वेळी तो तिथंच उभा होता, गुळाच्या पाकाची चवही त्यानं घेतलेली होती. "त्याला आम्ही सगळं समजावून सांगितलं होतं सर, प्रत्येक शॉट," दिग्दर्शिका म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं असावं, कारण ती पुढं काही बोलली नाही. उठून दारापर्यंत गेली, बाहेर डोकावली आणि परत आली. "आज नको," म्हणाली. "नवं झाल्यावर."

पानावर शेवटी 'यूए १३ प्लस' लिहिलं गेलं. खाली चार मुद्द्यांच्या जागी पाऊण पान मजकूर. कॅमेऱ्याच्या मुलानं आपलं वेगळं मत खाली टीप म्हणून नोंदवलं: १६ प्लस. मॅडमनी ते तसंच राहू दिलं. मलाही ते आवडलं. माझं मत तरी आज ठाम आहे का? तेरा वर्षांची सगळी मुलं एका मापाची नसतात. माझ्या ओळखीत एक मुलगी आहे, सोळा वर्षांची. तिला अजून आरशासमोर रात्री उभं राहवत नाही आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ भुताच्या मालिका बघत जेवतो. आकडा मंडळ देतं. मूल आपल्या घरातलं असतं.

दोन महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. तीच खोली, खिडक्यांना तेच काळे कागद. या वेळी बाकावर कुणी नव्हतं. नट पहिल्या रांगेत बसला होता, आई एका बाजूला, आतेबहीण दुसऱ्या. धाकट्याला शेजारणीकडे ठेवलं होतं. हौदाचं दृश्य आलं तेव्हा त्यानं मागं वळून मित्राला काहीतरी सांगितलं, बहुतेक जिलबीच्या रंगाचं. माळा आला. पेटीचं झाकण पडलं, कडी पडली. आता पेटीच्या आतला काळोख होता आणि त्याचा श्वास. बाहेर, उजेडाच्या एका पट्ट्यात, एक निळी रबरी चप्पल. दादाची पावलं तिथं येऊन थांबली. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. मामींनी मुलाचा हात धरला होता. तो सोडवून घ्यायचा प्रयत्न करत होता. मग आजी, हाका, कडी, आणि ओढून काढलेला तो मुलगा, तोंड उघडं, डोळे मोठे, बराच वेळ आवाजच न फुटणारा.

दिवे लागले. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दिग्दर्शिकेनं विचारलं, "कसं वाटलं रे?"

तो आपल्या पायांकडे बघत होता. पहिलं चित्रीकरण दिवाळीच्या सुट्टीतलं, पेटीचं नवं दृश्य थेट मार्चमधलं; पण चप्पल आधीच्या दृश्यांत दिसलेली, म्हणून माळ्यावरून तीच शोधून काढली होती.

"ताई, ती चप्पल तू परत देऊ नकोस," तो म्हणाला. "मला ती आता होत नाही."